मायटोकाँड्रियात प्रथिनं शिरतात कशी, यावर आयुष्य घालवावं का?

प्रश्न थोडक्यात असा: शिरपूरकडची एक मुलगी, बी.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला. पुस्तकात मायटोकाँड्रियात (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांत) प्रथिनं कशी जातात यावरचं अर्धं पान वाचलं, तेव्हापासून विषय डोक्यातून जात नाही. ती विचारते, "मॅडम, एवढ्याशा विषयावर अख्खं करिअर होतं का? घरचे म्हणतात बी.एड. करून घे. आणि आमच्यासारख्या ठिकाणाहून तिथवर पोचता येतं का?"

मी याच विषयात पीएच.डी. केली, पुढे जर्मनीत काही वर्षं हेच काम केलं, आता पुण्यात एक लहानशी प्रयोगशाळा चालवते. माहेर यावल तालुक्यातलं, त्यामुळे "आमच्यासारखं ठिकाण" म्हणजे काय ते मला समजावून सांगायला नको. वयाने तू माझ्या भाचीएवढी असशील, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

तुझ्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. विषय पुरेसा मोठा आहे का, हा पहिला. त्याचं उत्तर मला ठामपणे देता येतं. तिथवर पोचता येतं का, हा दुसरा; त्याचं उत्तर बरंचसं परिस्थितीवर आहे. आणि तिसरा तू सरळ विचारलेला नाहीस: हे काम रोजच्या रोज करायला तुला आवडेल का? माझ्या मते सगळं त्या तिसऱ्यावर अडलेलं आहे.

आधी विषयाचं बोलू. मायटोकाँड्रियाचा स्वतःचा डीएनए असतो, पण माणसात त्यावरून फक्त १३ प्रथिनं बनतात आणि यीस्टमध्ये ८. प्रत्यक्षात यीस्टच्या मायटोकाँड्रियात हजाराच्या आसपास वेगवेगळी प्रथिनं असतात, माणसात त्याहून जास्त. म्हणजे ही मोजकी सोडली तर बाकी सगळी बाहेर पेशीद्रवात तयार होतात आणि मायटोकाँड्रियाची एक किंवा दोन पटलं (आवरणं) ओलांडून नेमक्या जागी जाऊन बसतात. कुणाला बाहेरच्या पटलात बसायचंय, कुणाला दोन पटलांच्या मधल्या जागेत, कुणाला आतल्या पटलात, कुणाला थेट आतल्या गाभ्यात. जागा चुकली की प्रथिन वाया जातं, कधी अपायही करतं. पुस्तकात याला अर्धं पान मिळतं, कारण परीक्षेला तेवढंच येतं.

या क्षेत्राचा पाया घालणाऱ्यांतल्या एकाची वाटचाल सांगते, कारण "या विषयावर करिअर" म्हणजे काय असतं ते त्यातून दिसतं. गॉटफ्रीड शात्झ, जन्म १९३६, ऑस्ट्रियातले. ग्राझला रसायनशास्त्र शिकले. व्हायोलिन इतकं चांगलं वाजवत की ऑपेराच्या वाद्यवृंदात बसत. "प्रथिनं आत कशी जातात" हा प्रश्न घेऊन ते निघालेलेच नव्हते. १९६४ मध्ये व्हिएन्नात एलन हास्लब्रुनर आणि हान्स टुप्पी यांच्यासोबत त्यांनी यीस्टच्या मायटोकाँड्रियात डीएनए असल्याचं रासायनिक मार्गाने दाखवलं. मग ते अमेरिकेत एफ्राइम रॅकर यांच्याकडे गेले आणि एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) बनवणाऱ्या यंत्रणेवर काम केलं. १९६८ मध्ये त्यांनी अशी यीस्ट तपासली जिच्या मायटोकाँड्रियाचा डीएनए बिघडलेला होता. त्या यीस्टला श्वसन जमत नाही, तरी तिच्या मायटोकाँड्रियात एटीपी बनवणाऱ्या यंत्राचा एक भाग शाबूत निघाला. आतला डीएनए बिघडलेला असतानाही हा भाग आहे, म्हणजे तो बाहेर बनून आत आलेला. मग आला कसा? आयातीचा प्रश्न असा मागच्या दाराने त्यांच्याकडे आला. १९७४ साली ते स्वित्झर्लंडमध्ये बासेलला गेले आणि निवृत्तीपर्यंत याच प्रश्नाच्या मागे राहिले.

त्या काळी एक सोपं उत्तर तयार होतं. गुंटर ब्लोबेल यांनी दाखवलं होतं की पेशीबाहेर जाणारी प्रथिनं बनता बनताच एका पटलातून सरकत जातात. मायटोकाँड्रियातही तसंच असेल, असं मानणारे होते. पण म्युनिकचे वाल्टर नॉयपर्ट यांच्या गटाने न्यूरोस्पोरा नावाच्या बुरशीवर, आणि शात्झ यांच्या गटाने यीस्टवर दाखवलं की प्रथिन पूर्ण बनून झाल्यावरही आत जाऊ शकतं. यातली एक मोठी गोष्ट १९७९ ची, आणि गंमत म्हणजे त्या शोधनिबंधावर ब्लोबेल यांचंही नाव आहे. दोन्ही गटांत पुढे अनेक वर्षं चुरस राहिली. त्या चुरशीचा आमच्या पिढीला फायदा झाला, कारण प्रत्येक दावा दुसऱ्या बाजूने ठोकून पाहिला जायचा.

पूर्ण बनलेलं प्रथिन म्हणजे घडी घातलेला गोळा. तो पटलातल्या अरुंद वाटेने जाईल कसा? १९८४ मध्ये शात्झ यांच्या प्रयोगशाळेने यीस्टच्या एका मायटोकाँड्रियल प्रथिनाचा पुढचा छोटासा तुकडा उंदराच्या डीएचएफआर या एन्झाइमला जोडला. डीएचएफआरचा मायटोकाँड्रियाशी काही संबंध नाही, तरीही ते आत गेलं. आत जायचा संकेत त्या पुढच्या तुकड्यातच आहे, हे सिद्ध झालं. मग १९८६ मध्ये मार्टिन आयलर्स आणि शात्झ यांनी त्याच जोडप्रथिनाला मेथोट्रेक्झेट पाजलं. हे औषध डीएचएफआरला घट्ट चिकटतं आणि त्याची घडी उलगडू देत नाही. आयात थांबली. गाठ मारलेला दोरा सुईच्या नेढ्यातून जात नाही, तसंच. दोरा सुटा असला पाहिजे, म्हणजेच प्रथिन उलगडूनच आत जातं. एक औषध, एक जोडप्रथिन आणि एक जेल (प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करणारा थर) यांच्या जोरावर एवढा मोठा निष्कर्ष काढता येतो, हे पहिल्यांदा समजलं तेव्हाच मी या विषयाची झाले.

(याच मेथोट्रेक्झेटच्या गोळ्या आपल्याकडे सांधेवाताला आठवड्यातून एकदा देतात. मला डॉक्टरेट मिळाल्यावर गावी मावशी म्हणाली होती, "डॉक्टर व्हयनी ना, मंग माले गोयी दे ना!" गोळीचं नाव ठाऊक होतं, ती कुठे चिकटते तेही ठाऊक होतं, पण द्यायचा अधिकार नव्हता. हे घरी समजावणं प्रबंधापेक्षा अवघड गेलं.)

पुढची यंत्रणा आता बरीच स्पष्ट आहे. बाहेरच्या पटलात टॉम नावाचा संच असतो; त्यातलं टॉम-४० हे प्रथिन म्हणजे प्रत्यक्ष वाट. आतल्या पटलात टिम-२३ आणि टिम-२२ हे दोन संच. संकेताच्या तुकड्यावर धन प्रभार असतो आणि आतल्या पटलाची आतली बाजू ऋण, त्यामुळे तुकडा आत ओढला जातो. मग आतलं एचएसपी-७० हे मदतनीस प्रथिन एटीपी खर्च करून बाकीचं प्रथिन आत घेतं, आणि एक एन्झाइम तो संकेत कापून टाकतं. विषय संपला असं वाटेल. पण कित्येक वर्षं पुस्तकं सांगत होती की आतल्या पटलातली वाट म्हणजे टिम-२३ ने बनवलेली नळी. २०२३ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून मिळालेल्या रचनेने आणि त्याच सुमाराच्या इतर प्रयोगांनी दाखवलं की प्रथिन मुख्यतः शेजारच्या टिम-१७ च्या कडेने सरकतं, आणि ती बंद नळीसुद्धा नाही. इतकं मूलभूत उत्तर इतक्या उशिरा बदलत असेल, तर तुझ्या वाटचं काम शिल्लक आहे, याची खात्री बाळग.

"उपयोग काय?" हे घरचे विचारतीलच. पुरुषांमध्ये दिसणारा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे: लहानपणी बहिरेपणा येतो, पुढे स्नायू आपोआप पिळवटायला लागतात. त्यात बिघडलेलं जनुक ठाऊक होतं, पण त्याचं प्रथिन काय करतं ते कळत नव्हतं. १९९९ मध्ये शात्झ यांच्या प्रयोगशाळेत कार्ला कोहलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ते यीस्टच्या टिम-८ चं भावंड आहे, मायटोकाँड्रियाच्या आयातीतला एक मदतनीस. पार्किन्सनच्या काही आनुवंशिक प्रकारांतही आयात मध्यभागी आहे: पिंक-१ हे प्रथिन निरोगी मायटोकाँड्रियात ओढलं जाऊन नष्ट होतं, आयात थांबली की ते बाहेरच्या पटलावर साचतं आणि "हा मायटोकाँड्रिया टाकून द्या" अशी खूण होते. एवढं घरी सांग. त्यापुढे, उद्या यातून औषध निघेल असं आश्वासन देऊ नकोस. ते कुणाच्याच हातात नाही.

आता तिसऱ्या प्रश्नावर येते, म्हणजे रोजच्या कामावर. आदल्या संध्याकाळी यीस्ट लॅक्टेटच्या माध्यमात ३० अंशांवर लावायची. ग्लुकोज दिलं की ती ऐदी होते आणि मायटोकाँड्रिया कमी बनवते. सकाळी पेशींची भिंत झायमोलेजने पचवायची, उरलेल्या नाजूक पेशी काचेच्या होमोजिनायझरमध्ये हलक्या हाताने फोडायच्या, सेंट्रिफ्यूजमध्ये आधी कमी वेगाने कचरा आणि मग जास्त वेगाने मायटोकाँड्रिया खाली बसवायचे. बफरमध्ये सॉर्बिटॉल हवंच, नाहीतर ते फुगून फुटतात. तळाशी तपकिरी पेलेट दिसला की अर्धा दिवस गेलेला असतो. सगळं बर्फावर. मग किरणोत्सारी गंधक-३५ लावलेल्या मेथिओनीनने (प्रथिनाचा एक घटक) परीक्षानळीत बनवलेलं प्रथिन त्यात सोडायचं आणि २, ५, १० मिनिटांनी थोडं थोडं काढून जेलवर चढवायचं. या गंधकाचं अर्धायुष्य सुमारे ८७ दिवस, त्यामुळे मागवलेला माल पडून राहिला की हकनाक वाया जातो. त्यासाठी परवाना, नोंदी, छातीवर बिल्ला, सगळं सोपस्कारासकट.

दुसऱ्या दिवशी फिल्मवर पट्ट्या दिसतात. वरची पट्टी म्हणजे संकेतासह असलेलं प्रथिन, खालची म्हणजे आत जाऊन संकेत कापला गेलेलं. मिनिटांबरोबर खालची गडद होत जाते. नवीन मुलं इथेच खूश होतात. मी विचारते, पुढच्या लेन (जेलवरचे रकाने) कुठे आहेत? एका लेनमध्ये प्रोटिनेज-के हवं: बाहेर नुसतं चिकटलेलं प्रथिन ते खाऊन टाकतं, आत गेलेलं वाचतं. एका लेनमध्ये व्हॅलिनोमायसिन हवं: पटलावरचा विद्युतदाब जातो, आयात थांबायलाच हवी. आणि एका लेनमध्ये प्रोटिनेजसोबत ट्रायटॉन: हा डिटर्जंट पटलंच विरघळवतो, त्यामुळे आता सगळं खाल्लं जायला हवं. तिथेही पट्टी उरली, तर तुमच्या प्रथिनाच्या गुठळ्या झाल्यात आणि प्रोटिनेजला त्या खाताच येत नाहीत. मग आधीच्या लेनमध्ये "वाचलेलं" प्रथिन खरंच आत गेलं होतं का, याला काही पुरावा राहत नाही. ट्रायटॉनची लेन नसलेला जेल माझ्यासमोर कुणी आणत नाही.

हे वाचताना "शी, किती किचकट" असं वाटलं, की "अच्छा, म्हणून ती लेन लागते होय" असं वाटलं, ते प्रामाणिकपणे स्वतःला विचार. पहिलं वाटलं तर यात कमीपणा काही नाही. जीवरसायनाच्या पदवीवर रक्ततपासणी, औषधकंपन्यांतलं गुणवत्ता नियंत्रण, किंवा आपल्याच जळगावात केळीची टिश्यू कल्चर रोपं करणारं काम, असं बरंच काही आहे, आणि तिथला पगार लवकर सुरू होतो. दुसरं वाटलं तर पुढे वाच.

आणि हे नुसतं मनाशी ठरवू नकोस, हाताने करून बघ. तुझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत होईल असा प्रयोग सांगते. पावाची कोरडी यीस्ट घे. एका प्लेटमध्ये थोडं ग्लुकोज आणि जास्त ग्लिसरॉल, दुसरीत फक्त ग्लिसरॉल. ग्लिसरॉल मेडिकलच्या दुकानात मिळतं. ग्लिसरॉलवर जगायला श्वसन लागतं. पहिल्या प्लेटवर मोठ्या वसाहतींमध्ये काही अगदी बुटक्या निघतील; त्या दुसऱ्या प्लेटवर नेल्या की वाढत नाहीत. त्यांचं श्वसन बिघडलंय, बहुतेकींच्या मायटोकाँड्रियाचा डीएनए गेलाय किंवा मोडलाय. उष्णतेने अशा वसाहती वाढतात, म्हणजे मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे करायला हा प्रयोग फार सोयीचा, बाकी काही त्या महिन्यात सोयीचं नसलं तरी. आता विचार कर: ही यीस्ट ग्लुकोजवर जिवंत का आहे? डीएनए जाऊनही तिचे मायटोकाँड्रिया आहेतच आणि त्यांच्यात बाहेरून प्रथिनं येतच आहेत. डीएनए काढला तर यीस्ट जगते. टॉम-४० किंवा टिम-२३ काढलं तर मरते. आयात थांबवून जगता येत नाही. तुझ्या सरांना विचारून हे कर, वहीत नीट लिही, फोटो काढ. प्रवेशाच्या मुलाखतीत या वहीची चार पानं मार्कशीटपेक्षा जास्त बोलतात. मी अशा मुलाखती घेते, म्हणून सांगते.

वाटेबद्दल. एम.एस्सी. जळगावच्या विद्यापीठातही करता येते. तिथून बाहेर पडून चांगल्या ठिकाणी गेलेली मुलं मला माहीत आहेत. बाहेर जायचं असेल तर जॅम आणि गॅट-बी या एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षा बघ. जॅममधून बंगळूरच्या आयआयएस्सीच्या एकत्रित पीएच.डी.चीही वाट आहे, आणि तिथे पॅट्रिक डिसिल्व्हा यांची प्रयोगशाळा याच विषयावर काम करते. एम.एस्सी.नंतर सीएसआयआर-नेट ही परीक्षा. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,०००, वर घरभाडं भत्ता. रक्कम कधी कधी काही महिने अडकते, हे घरी आधीच सांगून ठेव, म्हणजे तेव्हा "बघ, म्हणत होतो ना" ऐकावं लागणार नाही. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप असते, तिचे अर्ज साधारण दिवाळीच्या आसपास भरायचे असतात. ती मिळाली तर दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत बसायला मिळतं. इंग्रजीची भीती वाटत असेल तर आठवड्याला एक निबंध घे, त्यातल्या आकृत्या आधी बघ, प्रत्येक आकृतीखाली मराठीत एक ओळ लिही. मी असंच शिकले, आणि अजूनही नवीन क्षेत्रातला निबंध असाच वाचते.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे, तेही उघड बोलते. एम.एस्सी. आणि पीएच.डी. मिळून सात-आठ वर्षं जातात. घरात तुझ्या कमाईवर कुणी अवलंबून असेल, केळीच्या बागेवर कर्ज असेल, धाकट्या भावाचं शिक्षण व्हायचं असेल, तर हिशेब वेगळा होतो, आणि "स्वप्नामागे धाव" असं सांगणारी मी कोण? तशा वेळी बी.एड. आधी उरकून नोकरी धरणं शहाणपणाचं ठरू शकतं. पण मग विज्ञानापासून दोन वर्षं लांब गेल्यावर परत येणं कठीण होतं, हे धरून चाल. स्थळांचं म्हणशील, तर माझा अनुभव असा की "नको" म्हणण्यापेक्षा "फेलोशिप मिळाली, अमुक साली संपते" हे आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांना लवकर पटतं. हातात पत्र आणि आकडा असला की वाद निम्मा होतो. पत्राशिवाय मात्र मामा-काकांपुढे तू एकटीच असतेस.

आणि गाईड निवडताना विषयाच्या नावावर भुलू नकोस. मायटोकाँड्रियावरच काम हवं, असा हट्ट पहिल्याच टप्प्यावर धरू नकोस. शात्झसुद्धा आयातीकडे वळसा घालूनच आले. जिथे एखादा प्रश्न कसा मोडून सोडवायचा हे शिकवतात, तिथे जा. ते ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत गेलीस की गाईडला भेटण्याआधी तिथल्या मोठ्या विद्यार्थ्यांना गाठ. कॅन्टीनमध्ये, चहावर. गेल्या काही वर्षांत किती जण पीएच.डी. घेऊन बाहेर पडले, किती वर्षं लागली आणि आता कुठे आहेत, हे विचार. प्रयोग फसतो तेव्हा गाईड काय म्हणतात, हेही विचार. उत्तर देताना मुलं एकमेकांकडे बघायला लागली, तर दुसरी प्रयोगशाळा बघ.